हर्षवायूची तिसरी चिठ्ठी

— बादलीला हात नका लावू, बाई. नाही, रागावत नाही मी, तिची कडी एका बाजूनं निघालेली आहे, उचलायला गेलात की कलंडते आणि सगळा 'ह' जमिनीवर. मागे झालंय एकदा. 'हलगर्जी'च्या चिठ्ठ्या 'हळहळ'मध्ये गेल्या, त्या वेगळ्या करायला मला नऊ दिवस लागले. हो, 'ह' बादलीतच आहे. 'अ'पासून 'स'पर्यंतची अक्षरं खोक्यांतून तुमच्या कचेरीत गेली, कोशाचे सहा खंड निघाले, 'ह' तेवढा माझ्याकडे राहिला, त्याचा खोका वाळवीनं खाल्ला, म्हणून बादली. निळी होती ती. आता काय रंग म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. बसा ना. ती खुर्ची चांगली आहे, डुगडुगते ती माझी.

तर — कुठे होतो आपण? तुम्ही माझ्या बायकोला फोन केलात. साक्ष पडताळायला. बरोबरच केलंत, नियमच आहे, बोलणारं माणूस हयात असेल तर त्याला विचारून खात्री करायची. हा नियम लिहिला तेव्हा त्या खोलीत मी होतो, त्याचं शुद्धलेखनही मीच तपासलं. फक्त तेव्हा वाटलं नव्हतं की खंड निघेपर्यंत कुणी हयात राहील. म्हणजे — तसं नाही हो. राहावंच. तिनं तर राहावंच. मी नियमाबद्दल बोलतोय. तर तुम्ही फोन केलात, चिठ्ठी वाचून दाखवलीत, आणि ती म्हणाली, हे वाक्य माझं नाही. एवढंच म्हणाली? — हं. — पुन्हा म्हणा बरं. — 'मी कुणाला दाराबाहेर उभं केलेलं नाही, आणि आमच्या शेजारी इतका आनंद होणारा माणूसच नव्हता.' हे मात्र तिचंच वाक्य, बाई. याची खात्री मी देतो. याला पडताळणी नको.

आता, तिचं वय चौऱ्याहत्तर. या वयात माणूस विसरतं. असं आपण म्हणू शकतो. पूर्वी एक शेरा असायचा, 'साक्षीदारास स्मरण नाही' — तो अजून चालतो का? — नाही चालत. बरोबर आहे, चालू नयेच. आणि ती विसरत नाही. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात होती, तिला अजून कुठकुठल्या दुकानांचे जुने नंबर पाठ आहेत, दुकानं उठून गेली, नंबर गेले, हिच्या डोक्यातून जात नाहीत. विसरतो मी. मी आज सकाळी चहा घेतला की नाही, हे मला कप बघून ठरवावं लागलं. कप ओला होता. म्हणजे घेतला असणार, किंवा नुसता विसळला असेल. — तुम्ही घेणार का? नको? बरं. विचारायचं राहून गेलं असं नको व्हायला.

नियम तुम्हाला मी काय सांगायचा, संपादक आज तुम्ही आहात. पण तुम्ही थोरल्यांना पाहिलेलं नाही. पहिले संपादक — आम्ही त्यांना थोरले म्हणायचो, धाकटे कुणी नव्हतेच. त्यांचं म्हणणं, कोशात एकही बनवलेलं वाक्य नको. प्रत्येक उदाहरण कुणीतरी खरंच बोललेलं नाहीतर लिहिलेलं पाहिजे. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला वाक्य, मागच्या बाजूला चार ओळी — कोण, कुठे, कधी, कशावरून. आणि एका अर्थाला तीन चिठ्ठ्या. दोन असतील तर तो अर्थ कोशात नाही, मग तो तुमच्या आजोबांच्या तोंडी का असेना. आणि दर शनिवारी चार वाजता, मोठ्या टेबलाभोवती आम्ही अकरा जण, आणि थोरले आठवड्याच्या सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायचे. पुढून आणि मागून. खणखणीत आवाज. 'कोण? धोब्याची सासू. कुठे? जिन्यात. कशावरून? शर्ट हरवल्यावरून.' आम्ही हसायचो, हसत हसत काम व्हायचं. पण त्यामुळे माणूस जपून असायचा हो. मागच्या बाजूला काय लिहितोय ते. — हे लक्षात असू द्या, पुढे लागेल. किंवा नाही लागणार. मला एकदा सुरुवात केली की कुठलं लागेल ते कळत नाही, विद्यार्थीही हेच म्हणायचे.

आता शब्द बघा. हर्षवायू. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? हर्ष म्हणजे आनंद, वायू म्हणजे वारा, आनंदाचं वारं अंगात शिरतं. नाही, तसं नाही. वैद्यांचा शब्द आहे तो. आनंद इतका होतो की शरीरातला वात बिघडतो, माणूस हसतो, रडतो, वाटेल त्याच्याशी बोलत सुटतो, त्याचं भान जातं. रोगच तो. मग लोकांनी तो घरी आणला आणि त्याचा टोमणा केला. माझ्याकडे एकतीस चिठ्ठ्या आहेत, बाई, छत्तीस वर्षांत — मागच्या महिन्यात तुम्ही येऊन सगळ्यांचे फोटो काढून नेलेत, वाचल्या असतीलच. 'पाहुणे येणार म्हणताच तुला काय हर्षवायू झाला का?' 'बढतीचं पत्र आलं, साहेबांना हर्षवायू व्हायचाच बाकी होता.' 'नवी सून आली, सासूबाईंना हर्षवायू होणं बाकी राहिलं.' बघितलंत? एवढी माणसं, आणि सगळ्यांचा व्हायचा बाकी. कुणाचा होऊन गेलाय असं नाही. भाषेनं एवढा मोठा शब्द ठेवला, आणि वापरायची वेळ आली की सगळे उंबऱ्यावर उभे. मी मोजलं — सत्तावीसमध्ये एक तर टोमणा, नाहीतर बाकी.

खऱ्या अर्थाच्या दोन. एक कुणा कारकुनाच्या पत्रातली. त्याचा भाऊ बोटीबरोबर बुडाला असं कळलं होतं आणि तेराव्या दिवशी तो चालत घरी आला, तर आईला हर्षवायू झाला, ती रस्त्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला घरात ओढायला लागली, जेवा म्हणून. दुसरी एका शिंपिणीनं सांगितलेली, तिच्या दिराला आठ वर्षांनी कामावर परत घेतलं, तर तो माणूस गिरणीच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या पाया पडला, मग पहारेकऱ्याच्या कुत्र्याच्या. दोन्ही पक्क्या. दोन्ही मी स्वतः जाऊन पडताळल्या. आणि तिसरी — तिसरी ही. जिच्यासाठी तुम्ही आलात. आता ही बाद झाली की दोनच उरतात. म्हणजे खरा अर्थ गेला. म्हणजे कोशात फक्त टोमणा राहणार — 'हर्षवायू: उपहासाने, आनंदाचे अवडंबर' — आणि पुढं कुणी पान उघडलं तर त्याला वाटेल, या लोकांना असा आनंद कधी झालाच नाही, नुसती एकमेकांची चेष्टा करत जगले. छापखान्यात उद्या जातंय म्हणालात ना? उद्याच. हो, अकरा वर्षं थांबलात, मान्य आहे. मी काही म्हणत नाही.

द्या ती इकडे. हस्ताक्षर माझंच आहे, नाकारत नाही. 'यांना हर्षवायू झालाय, यांना आत्ता आत सोडू नका.' बोलणारी: पत्नी. ठिकाण: राहते घर. प्रसंग: शेजाऱ्यांस मुलगी झाल्यावरून. तारीख — — तारीख वाचून दाखवलीत का तिला? — तिनंच विचारली. हं. आणि? काय म्हणाली? — 'त्या दिवशी मी घरी नव्हतेच. मी दवाखान्यात होते. आणि ते कचेरीत प्रुफं तपासत होते.'

हो.

बघा, एवढा शिकलेला माणूस मी, दोन विद्यापीठांत शिकवलं, आणि खोटं लिहायला बसलो तर तारीख खरी घातली. बाकी सगळं बदललं, तारीख बदलायला हात धजला नाही. तारीख खोटी घालायची म्हणजे — ते फार वाटलं मला. आणि वाक्यही खरं आहे, बाई. हे लिहून ठेवा. वाक्याला मी हात लावलेला नाही. एका अक्षरालाही नाही. मागची बाजू खोटी, पुढची खरी. तुम्ही काय म्हणाल, अर्धी चिठ्ठी खोटी? मलाही ते कधी ठरवता आलं नाही. म्हणूनच तर 'ह' इथे राहिला. लोक म्हणायचे, सर अजून पुरावा शोधतायत, सरांची चिकाटी बघा. एका अभ्यासकानं लेखही लिहिला माझ्या चिकाटीवर. चिकाटी कसली! मी नुसता बादलीकडे बघत बसलेला असायचो.

तिला मुलगी झाली तो दिवस तो. म्हणजे आम्हाला. बेचाळीस वर्षं झाली. लग्नाला तेव्हा आठ झाली होती. त्याआधी दोनदा आम्ही त्याच दवाखान्यातून दोघंच परत आलो होतो. दुसऱ्या वेळी सहावा महिना लागलेला होता. तेव्हा मी घरात एक — नियमच म्हणा — नियम केला, की या वेळी अपेक्षा ठेवायची नाही. कपडे शिवायचे नाहीत, नाव काढायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. डॉक्टर 'सगळं ठीक' म्हणाले तरी हसायचं नाही. हे मी तिला बसवून समजावलं, मुद्दे काढून. ती ऐकून घ्यायची. एकदा तिच्या पिशवीत विणायच्या दोन सुया सापडल्या, तर मी — मी तिला चांगलं पाऊण तास बोललो. पाऊण तास, बाई. पोटात सात महिन्यांचं. तिनं सुया शेजारी देऊन टाकल्या. मला वाटायचं, आपण आनंद केला नाही तर तिकडे कुणाच्या लक्षात येणार नाही. तिकडे म्हणजे कुठे? ते मला माहीत नाही. मी देवबीव मानत नाही. पण लक्षात येऊ नये असं वाटायचं.

तर सकाळी सव्वादहाला नर्स बाहेर आली. मी बाकावर होतो, समोर वजनकाटा होता, त्यावरचे आकडे वाचत होतो, कितीदा वाचले असतील. ती म्हणाली, मुलगी झाली, दोघी छान आहेत. मी विचारलं, दोघी कोण? ती म्हणाली, बाळ आणि बाळाची आई. मी म्हटलं, पुन्हा सांगा. तिनं सांगितलं. मी म्हटलं, एकदा क्रमानं सांगा. आणि तिनं बिचारीनं क्रमानंही सांगितलं. मग मी तिथेच बसलो, फरशीवर, वजनकाट्याला पाठ लावून, आणि हसायला लागलो. तुम्हाला मी कसा दिसतो माहीत नाही, पण मी हसणारा माणूस नाही. थांबेचना. पोटात दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी, चष्मा कुठे पडला, वजनकाट्याचा काटा माझ्या पाठीनं हलत होता, ते बघून आणखी हसू. दोन बायका आपली मुलं जवळ घेऊन दूर सरकल्या. डॉक्टर डोकावले, म्हणाले, काय झालं यांना? आणि ती नर्स म्हणाली — साधी, ठसठशीत बाई, कडेला इस्त्री गेलेली टोपी — म्हणाली, 'यांना हर्षवायू झालाय, यांना आत्ता आत सोडू नका.' वैद्यांच्या अर्थानं, बाई! रोग म्हणून! टोमणा नाही, बाकी नाही, झालाय. मी पाच वर्षं हा शब्द शोधत होतो, माझ्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या, आणि शब्द माझ्याच डोक्यावरून बोलला जातोय. आणि मला चिठ्ठी काढायचं सुचलं नाही. एकदाच. सबंध जन्मात तेवढं एकदा.

आत सोडेनात म्हणून मी बाहेर पडलो. कुठे गेलो ते सलग सांगता येणार नाही. चौकातल्या पोलिसाला सांगितलं, मुलगी झाली, तो म्हणाला, बाजूनं चाला. चांभाराला सांगितलं. बँकेच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो, नंबर आला तेव्हा आतल्या माणसालाही सांगितलं, त्यानं विचारलं, मग काय भरायचंय की काढायचंय? आणि एक बादली घेतली. निळी. हीच. आम्हाला बादली नको होती, घरी तीन होत्या. ती घेऊन मी साडेबाराला हिच्या खाटेपाशी गेलो. तोवर हसू बसलं होतं, चेहरा धुतला होता नळावर. ती म्हणाली, 'कुठे होतात? सव्वादहाला झाली. मी दाराकडे बघत होते.'

आता इथे सांगायचं होतं. एवढंच वाक्य होतं. पण मी नऊ महिने तिला हसू दिलं नव्हतं, सुया टाकायला लावल्या होत्या, आणि मीच — कसं सांगणार, की मी नियम मोडून रस्त्यावर हसत फिरतोय? मी म्हटलं, 'प्रुफं होती. कचेरीत.' ती म्हणाली, 'आणि ही बादली?' मी म्हटलं, 'वाटेत दिसली. बूड चांगलं आहे.' तिनं बादलीकडे बघितलं. मग मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, 'बरं झालं, एक काम झालं.'

तेव्हापासून आमच्या घरात ती गोष्ट झाली ना. मुलीला सांगायची, जावयाला सांगायची, पाहुण्यांना सांगायची — 'आमची जन्मली तेव्हा यांनी प्रुफं तपासली आणि बादली आणली.' सगळे हसायचे. मीही हसायचो, बेतानं. मुलगी लहानपणी मला विचारायची, 'बाबा, मी आधी आले की बादली?' दरवेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता इतक्या वर्षांनी सांगितलं तर खोटंच वाटेल, मागाहून जुळवल्यासारखं. पुरावा काय? नर्स कुठे गेली कुणास ठाऊक. चिठ्ठी मी त्याच आठवड्यात केली होती, पण शनिवार डोळ्यांसमोर आला, चार वाजता, अकरा जण, थोरले खणखणीत आवाजात — 'कोण? नर्स. कुठे? दवाखान्याच्या फरशीवर. कशावरून? आपल्या पंडितांवरून.' नाही जमलं. म्हणून शेजाऱ्यांना मुलगी झाली असं लिहिलं आणि बोलणारी पत्नी. हिचं नाव का घातलं? कुणाचंही घालता आलं असतं, भाजीवालीचं. का हिचंच — ते वाक्य तिनं ऐकलेलं असावं असं वाटत असेल. कुठेतरी. मला ठाऊक नाही.

एकतिसावी? हो, तिचाही फोटो आहे तुमच्याकडे. 'तुम्हाला स्वतःला कधी झाला का हो हर्षवायू?' बोलणारी: पत्नी. ठिकाण: जेवणाचं टेबल. प्रसंग कोरा आहे, हो. राहिला भरायचा. नाही — राहिला नाही. सहावा खंड निघाला, समारंभ झाला, तुम्ही होतात तेव्हा? मी व्यासपीठावर बसून शुद्धिपत्र करत होतो म्हणतात. घरी आलो, जेवायला बसलो, आणि ती म्हणाली, 'एवढं आयुष्य त्या शब्दात घातलंत. तुम्हाला स्वतःला कधी झाला का हो हर्षवायू? एकदा तरी?' टोमणा नव्हता, बाई. मी हजारो वाक्यं ऐकलीत, मला कळतं. ती खरंच विचारत होती. हात थांबवून विचारत होती. आणि मी — मला ठाऊक होतं, आता होय म्हणायचं, एक अक्षर — नाही, दोन — आणि माझा हात खिशात गेला आणि मी चिठ्ठी काढली. लिहिली. पेन नीट चालेना, ते झटकलं, पुन्हा लिहिली. ती बघत होती. पूर्ण होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, 'तारीख घातलीत ना?' मी म्हटलं, हो. ती म्हणाली, 'मग झालं.' चौथ्या दिवशी मुलीकडे गेली, दोन महिन्यांसाठी. अकरा वर्षं झाली. तिकडची हवा मानवते तिला. भांडण नाही काही. रविवारी फोन करते, गोळ्या संपल्या का, गॅसचं बटण बंद आहे का. मी सांगतो, बंद आहे. मग ती म्हणते, उठून बघा. मी उठून बघतो.

आता तुम्हाला मी हे सगळं का सांगितलं? तुम्ही फक्त सही मागायला आलात. गुलाबी कागद आहे ना, हरकतीचा? आण— द्या बघू. 'नोंद करणाऱ्याने दुरुस्ती स्वहस्ते करावी. दुरुस्त चिठ्ठी हरकत घेणाऱ्याकडे पाठवून संमती घ्यावी.' म्हणजे मी खरं लिहिलं की ते तिच्याकडे जाणार. टपालानं. सरकारी पाकिटातून यावं तसं, तुमच्या शिक्क्यानिशी, 'वाचून सही करून परत पाठवावे'. आणि नाही लिहिलं तर चिठ्ठी बाद, दोन उरल्या, उद्या टोमणा छापून येणार, आणि तिला काही जाणार नाही. सोपं आहे ते. मी सोपंच करत आलो.

पण एक शंका आहे, ती तुमच्यासमोर ठेवतो, तुम्ही संपादक आहात. व्याख्येत 'भान जाणे' आहे. माझं गेलं होतं का? कारण मला सगळं आठवतं — वजनकाटा, टोपी, चांभाराच्या पेटीवर कुलूप होतं ते. बादली घेताना मी ती उजेडाकडे धरून बूड बघितलं, चीर आहे का म्हणून. भान गेलेला माणूस बूड बघेल का? की मला नुसता आनंद झाला होता, आणि नर्सचं निदान चुकलं? तसं असेल तर ही चिठ्ठी या अर्थाखाली बसतच नाही, मग कशाला उगाच तिला — काय? — काय विचारलंत? — बादली का घेतली?

का घेतली.

नाही, बाई. नाही सांगता येत. बेचाळीस वर्षं विचार करतोय. स्वस्त नव्हती. हवी नव्हती. दुकानही माझ्या वाटेवर नव्हतं, उलट बाजूला होतं, पूल ओलांडून. मी पूल ओलांडला कधी? हे — हे मला आठवतच नाही. पूल आठवत नाही. म्हणजे — हं. म्हणजे बसते ती. तुम्ही चांगल्या संपादक आहात.

पेन आहे तुमच्याकडे? माझं झटकावं लागतं. — वाक्य तेच. त्याला हात लावत नाही. बोलणारी: नर्स, प्रसूती विभाग, नाव ठाऊक नाही. ठिकाण: फरशी — नको, 'दवाखान्याची ओसरी'. नाही, फरशीच लिहितो. तारीख: तीच. वेळ विचारलेली नाही, पण मी घालतो, सव्वादहा. ती दाराकडे बघत होती ती वेळ. प्रसंग: नोंद करणाऱ्यास मुलगी झाल्यावरून. झालाय कोणाला: नोंद करणाऱ्यास. खाली जागा उरलीय थोडी. 'प्रुफे नव्हती.' हे चालेल ना? उदाहरणाचा भाग नाही, पण — शेरा म्हणून. चालवून घ्या. सही.

वाळू द्या. घडी नका घालू, शाई उमटेल.

खोका आणलाय ना तुम्ही? मग बादलीतलं त्यात ओता, सावकाश, 'हळहळ' वर येऊ देऊ नका. बादली मात्र राहील इथे. — पत्ता तिचा आहे तुमच्याकडे, मुलीचं घर, तिसरा मजला. आजच टाका, आणि तिची सही येईपर्यंत तेवढं पान छापखान्यात थांबवा. उद्या म्हणालात तर मी सकाळी कचेरीच्या दारात येऊन ते पाकीट परत मागेन, मला मी ओळखतो. आणि बाई — तिनं सही करून पाठवलं, आणि खाली काही लिहिलेलं असलं, एखादी ओळ, रागाची असेल, कसलीही — तर ती चिठ्ठीवर उतरवून घेऊ नका. कोण, कुठे, कधी, काही नको. नुसता कागद माझ्याकडे पाठवा.

निघा आता. पाच वाजता टपाल जातं.